काही आठवड्यांचे घर

रस्त्यावर सापडलेल्या, अपघातात जखमी झालेल्या किंवा मालकाने सोडून दिलेल्या कुत्र्याला कायमचे घर मिळेपर्यंत स्वतःच्या घरी सांभाळणे याला फॉस्टर करणे म्हणतात. हा मुक्काम कधी आठवड्याभराचा असतो, कधी सहा महिन्यांचा. या कामात जीव लावावाच लागतो आणि लावलेला जीव ठरवून मागे घ्यावा लागतो. नुसते खायला-प्यायला घालून, अंतर राखून वाढवलेले पिल्लू माणसाला बुजतच मोठे होते. लळा लागला म्हणून प्रत्येक कुत्रा ठेवून घेतला, तर तिसऱ्या-चौथ्या कुत्र्यानंतर त्या घराचे दार पुढच्यांसाठी बंद होते. फॉस्टर करणाऱ्याच्या मनाची ओढाताण इथून सुरू होते. तिचा उगम कामाच्या स्वरूपात आहे, माणसाच्या हळवेपणात नाही. आणि तिचे टप्पेही बरेचसे ठरलेले आहेत.

सगळ्याच भटक्या कुत्र्यांना अशा घराची गरज नसते. 2001 मध्ये आलेल्या आणि 2023 मध्ये नव्याने लागू झालेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचे मूळ सूत्र असे, की भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजचे लसीकरण करून त्याला जिथून उचलले तिथेच परत सोडायचे. गल्लीत रुळलेला, रोज कोणीतरी दोन घास घालत असलेला धडधाकट कुत्रा फ्लॅटमध्ये कोंडला तर त्याचे हालच होतात. घर लागते ते आई गेलेल्या पिल्लांना, गाडीखाली सापडून पाय गमावलेल्यांना, शस्त्रक्रियेनंतर जखम ओली असलेल्यांना. शिवाय हौसेने आणलेले आणि घर बदलताना, मूल झाल्यावर किंवा म्हातारपणी नकोसे झालेले लॅब्रॅडोर, हस्की आणि जर्मन शेफर्ड असतात. त्यांना रस्त्यावर जगण्याची विद्या अवगत नसते. वाहनांमध्ये ते गोंधळतात आणि परिसरातले कुत्रे त्यांना टिकू देत नाहीत.

प्राण्यांची रुग्णालये आणि निवारे ही गरज पुरती भागवू शकत नाहीत. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय 1883 पासून उभे आहे, पुण्यातही अशा संस्था आहेत; पण रुग्णालय उपचारासाठी असते आणि लस न झालेल्या पिल्लाला तिथेच संसर्ग लागण्याची भीती असते. घराचा परिणाम कुत्र्याच्या शरीरावर मोजताही आला आहे. अमेरिकेतल्या पाच निवाऱ्यांमधील 207 कुत्र्यांचा 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, एक-दोन रात्री घरी राहिलेल्या कुत्र्यांच्या लघवीतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झाले आणि त्यांना सलग झोप लागली. निवाऱ्यात परतल्यावर कॉर्टिसॉल पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेले, तिच्यावर चढले नाही. ‘थोडे दिवस माया लावून परत पाठवणे हा क्रूरपणा नाही का’ हा फॉस्टर करणाऱ्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न. निदान या कुत्र्यांच्या बाबतीत तरी त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले.

महाराष्ट्रात फॉस्टर घरांवर सर्वाधिक ताण येतो हिवाळ्यात. भटक्या कुत्र्यांचा माजाचा काळ प्रामुख्याने पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो, गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा असतो आणि दिवाळीच्या आगेमागे पिल्लांची रीघ सुरू होते. यांतली किती जगतात याचे उत्तर मन घट्ट करून वाचावे लागते. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये पाच वर्षे 95 विणींमधल्या 364 पिल्लांवर नजर ठेवली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार प्रजननाच्या वयापर्यंत त्यांतली फक्त 19 टक्के पोचली आणि एकूण मृत्यूंपैकी 63 टक्के मृत्यूंना माणूस या ना त्या प्रकारे कारणीभूत होता. घरात आणलेले पिल्लू या आकड्यांतून बाहेर काढलेले असते. त्यामुळे ते वाचले तर आनंद दुप्पट होतो आणि गेले तर आपण कमी पडलो अशी टोचणी लागते.

डोळे न उघडलेल्या पिल्लाचे करणे हे या कामातले सर्वांत दमवणारे. डोळे साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात. तोवर त्याला स्वतःच्या अंगाची ऊबही राखता येत नाही. म्हणून गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच कडेला ठेवतात, म्हणजे फार गरम झाले तर पिल्लाला दुसऱ्या कडेला सरकता येते. गार पडलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजायचे नसते. आधी ऊब, मग दूध. गाईच्या-म्हशीच्या दुधाने हगवण लागते, त्यामुळे पिल्लांसाठी मिळणारी पावडर कालवून दर दोन-तीन तासांनी द्यायची, रात्रीसुद्धा. पाजताना पिल्लू पालथे असावे लागते. तान्ह्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. प्रत्येक वेळी पाजून झाले की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसायचे, कारण या वयात आईने चाटल्याशिवाय पिल्लाला शी-शू होत नाही. रोज एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचे. वजनात दहा ग्रॅमची भर पडली की अख्ख्या घराचा चेहरा खुलतो. आकडा जिथल्या तिथे राहिला तर तो पहिला इशारा.

इतके करूनही संध्याकाळी चुरूचुरू दूध प्यायलेले पिल्लू पहाटे निपचित सापडते. आईचा चीक न मिळालेल्या पिल्लाकडे रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. कधी जन्मतःच काही दोष असतो, कधी नाळेतून जंतुसंसर्ग झालेला असतो. डॉक्टरही अनेकदा नेमके कारण सांगू शकत नाहीत. सांभाळणारा मात्र रात्री कोणत्या वेळी डोळा लागला, पिशवी कधी गार झाली, याची उजळणी करत राहतो. पहिल्यांदाच फॉस्टर करणाऱ्याला एवढी लहान पिल्ले देऊ नयेत, हा जाणत्या कार्यकर्त्यांचा आग्रह योग्यच आहे. पहिलाच अनुभव मृत्यूचा आला तर बरीच चांगली माणसे परत फिरकत नाहीत.

जरा मोठ्या पिल्लांच्या बाबतीत धास्ती असते ती परवो या विषाणूजन्य रोगाची. सहा-आठ आठवड्यांपासून लसीचे डोस सुरू होतात आणि सुमारे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावे लागतात, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडे असतील तर ती सुरुवातीच्या लसीचा परिणाम दाबून टाकतात. मधल्या काळात पिल्लू उघड्यावरच असते म्हणायचे. आदल्या दिवशी चपला पळवणारे पिल्लू सकाळी खाण्याकडे बघत नाही, मग उलटी होते, मग रक्ताची, विशिष्ट उग्र वासाची हगवण. तिथून पुढचे चार-पाच दिवस सलाइन, उलटीचे इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि वाट पाहणे. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्ले मरतात, वेळेत मिळालेली बहुतेक वाचतात. पण हे प्रमाण समोरच्या एका पिल्लाबद्दल काहीच सांगत नाही. पाचव्या दिवशी त्याने मान उचलून उकडलेल्या चिकनचा एक तुकडा खाल्ला तर त्या क्षणाचे मोल तिथे जागलेल्यालाच कळते. आणि पिल्लू गेले तर दुःखाला सवडही मिळत नाही. परवोचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकू शकतो. त्यामुळे त्याच दिवशी फरशी ब्लीचने धुणे, अंथरूण टाकून देणे, आणि पुरेशी लस न झालेले पिल्लू त्या घरात बराच काळ न आणणे ओघाने येते. मदत करण्याची इच्छा असूनही हात बांधले जातात.

डिस्टेंपर हा रोग याहून फसवा. ताप, डोळ्यांतली घाण, सर्दी बरी होते, कुत्रा खाऊ-खेळू लागतो, दत्तक घेणाऱ्यांशी बोलणी सुरू होतात, आणि काही आठवड्यांनी एखाद्या पायाला किंवा जबड्याला झटके येऊ लागतात. विषाणू मज्जासंस्थेत पोचल्याची ती खूण. आशा परत आल्यानंतर झालेला हा घाव पहिल्यापेक्षा जास्त जिव्हारी लागतो. रेबीजची भीती निराळी. पूर्वेतिहास ठाऊक नसलेल्या कुत्र्याने चावा घेतला आणि तो दहा दिवसांच्या आत आजारी पडला किंवा मेला, तर मायेचा विचार मागे पडून घरातल्या प्रत्येकाच्या जिवाचा प्रश्न उभा राहतो. नियमित फॉस्टर करणाऱ्यांनी स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस आधीच टोचून घ्यावी आणि चावा बसला तर पंधरा मिनिटे साबण-पाण्याने जखम धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. यात हयगय चालत नाही. ही तयारी असलेल्या घरात भीतीचा अंमलही कमी राहतो.

या सगळ्याच्या मधोमध आनंदाचे दिवस असतात आणि ते खरोखर भरभरून येतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे वर्षानुवर्षे केलेल्या प्रयोगांतून, 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात, पिल्लाच्या आयुष्यातला साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ माणसाशी नाते जुळण्यासाठी निर्णायक असल्याचे दाखवले. नेमका हाच काळ पिल्लू फॉस्टर घरात काढते. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, लिफ्ट, छत्री उघडणारे आजोबा, शाळेतून धावत येणारी मुले यांना न घाबरायला ते इथे शिकते. पुढे ते कोणाच्याही घरी गेले तरी हे शिकणे त्याच्याबरोबर जाते. जपानमधील आझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले की, कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, आई आणि बाळ यांच्यात वाढते तसेच. हे काही आठवड्यांपुरते आहे हे मनाला ठाऊक असले तरी शरीराला तसे ठरवून थांबता येत नाही.

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत आलेख उलटा चालतो. पहिले काही दिवस तो पलंगाखालून बाहेर येत नाही, कोणी बघत असताना खात नाही, कधी चोवीस तास लघवीही धरून ठेवतो. घरचे म्हणतात, किती शहाणा आहे, आवाजसुद्धा नाही. हा शहाणपणा बहुधा भीतीने गोठल्याचा असतो. दोन-तीन आठवड्यांनी तो सैलावतो आणि मग सोफा फाटतो, ताटलीजवळ कोणी गेले की गुरगुर होते, एकटा ठेवला की रडून इमारत डोक्यावर घेतो. सांभाळणाऱ्याला वाटते, आपण बिघडवला. प्रत्यक्षात इथे घाबरण्यासारखे काही नाही हे त्याला पटू लागल्याचे ते लक्षण असते. रेस्क्यूच्या कामात तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे दिनक्रम कळण्याचे, तीन महिने घर आपले वाटण्याचे. तो शास्त्रीय नियम नाही, पण नव्या माणसाला धीर द्यायला उपयोगी पडतो. मार खाल्लेला कुत्रा उचललेला हात पाहून दबतो. तोच एके दिवशी हाताखाली आपणहून डोके घालतो.

घरातल्या माणसांचे वागणे या चढउतारांत बरीच भर घालते. हौसिंग सोसायटीत तक्रार होते, घरमालक कुरकुरतो, सासूबाईंना स्वयंपाकघरात केस चालत नाहीत, घरातला जुना कुत्रा रुसून जेवण सोडतो. लहान मुलांना पहिल्या दिवसापासून स्पष्ट सांगितलेले बरे, की हा पाहुणा आहे, बरा झाला की त्याच्या घरी जाणार आहे. ‘बघू या’ असे म्हणत राहिले तर निरोपाच्या दिवशी मुलाला फसवले गेल्यासारखे वाटते.

मग सुरू होते दत्तक घेणाऱ्यांची वाट पाहणे. शहरांत रविवारी अडॉप्शन कॅम्प भरतात, फोटो फिरतात. दोन महिन्यांचे गुबगुबीत पिल्लू पटकन जाते. काळ्या रंगाची मादी, वर्षाचा झालेला गावठी कुत्रा, तीन पायांवर चालणारा, यांच्याकडे लोक थांबून बघतात आणि पुढे जातात. आपल्या दृष्टीने देखणे असलेले जनावर पुन्हा पुन्हा नाकारले जाताना पाहणे हा फारसा न बोलला जाणारा त्रास आहे. विचारणा येते तेव्हा संशय छळतो: हे लोक नसबंदी करतील का, गॅलरीत बांधून ठेवतील का, बदली झाली तर सोडून देतील का? म्हणून घर पाहून येणे, घरातल्या सगळ्यांशी बोलणे, लेखी करार करणे गरजेचे असते. पण इथेच काहींची परीक्षा इतकी कडक होत जाते की कोणतेच घर पास होत नाही. ती काळजी कुत्र्याची आहे की स्वतःला सोडवत नाही म्हणून आहे, हे कुत्रा सोपवणाऱ्या संस्थेतल्या दुसऱ्या एखाद्या अनुभवी माणसाने तपासून पाहिलेले चांगले.

निरोपाचा दिवस बहुधा फार साधा जातो. वापरलेली चादर, आवडते खेळणे, लसीचे कार्ड, चार दिवसांचे खाणे, सवयींची यादी एवढे पिशवीत भरले जाते. ओळखीच्या वासाची चादर नव्या घरात पहिल्या रात्री उपयोगी पडते, म्हणून ती न धुता द्यायची. गाडीचे दार लागते आणि कुत्रा काचेतून मागे बघतो. फॉस्टर करणाऱ्यांना पुढे कित्येक दिवस छळणारे दृश्य हेच. आपण त्याला टाकले असे त्याला वाटत असेल, या विचाराने काळीज तुटते. या बाबतीत बुडापेस्टच्या मार्ता गात्शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास फार दिलासा देणारा आहे. निवाऱ्यातल्या प्रौढ कुत्र्यांशी एका अनोळखी व्यक्तीने तीन वेळा, दरवेळी केवळ दहा मिनिटे, संपर्क ठेवला; तेवढ्यावर त्या कुत्र्यांमध्ये तिच्याविषयी जवळिकीची लक्षणे दिसू लागली. माणसाशी नवे नाते जोडण्याची कुत्र्याची क्षमता प्रौढपणीही शाबूत असते. ज्या क्षमतेमुळे तो फॉस्टर घरात रुळला, तीच त्याला पुढच्या घरात रुळवते. पहिले काही आठवडे भेटायला न जाण्याची शिस्त त्यासाठीच पाळायची असते.

कुत्रा रुळतो, माणसाला वेळ लागतो. ठरलेल्या वेळी जाग येते, ताटातला शेवटचा घास हातात राहतो. आजूबाजूचे म्हणतात, ‘चांगल्या घरी गेला की, रडायला काय झालं?’ किंवा ‘कुत्राच होता ना!’ समाज ज्या दुःखाला दुःख मानायलाच तयार नसतो, त्याचा विचार अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 पासून मांडला. असे दुःख अधिक काळ रेंगाळते, कारण ते बोलून हलके करण्याची सोय नसते. फॉस्टरच्या बाबतीत पेच आणखी वाढतो, कारण इथे जे घडले ते चांगलेच घडलेले असते. आनंद आणि दुःख एकाच घटनेचे असतात, आणि दोन्ही खरे असतात. त्यांतले एक खोटे पाडायचा प्रयत्न करण्यात काही अर्थ नाही. नव्या घरातून आलेला पहिला फोटो, ज्यात कुत्रा कोणाच्या तरी पायावर डोके ठेवून झोपलेला असतो, बहुतेकांना पोटात एक कळ आणून मग शांत करतो.

काही जण शेवटी कुत्रा ठेवूनच घेतात. याला गमतीने ‘फॉस्टर फेल’ म्हणतात, पण त्यात अपयश असे काही नाही. एखादा म्हातारा किंवा सतत औषधे लागणारा कुत्रा दुसरीकडे जाणारच नसतो. फक्त हा निर्णय निरोपाच्या आदल्या रात्री घेऊ नये. कुत्रा बारा-पंधरा वर्षे जगतो, त्याचा खर्च, घरातली माणसे आणि पुढच्या फॉस्टरसाठी उरणारी जागा यांचा विचार दिवसाउजेडी, शांतपणे व्हायला हवा.

दत्तक गेलेला कुत्रा परत येणे हा धक्का मोठा असतो. कारणे साधी असतात: घरातल्या आजींना चालला नाही, ॲलर्जी निघाली, गॅलरीतून भुंकतो. चिडण्यासारखेच असते ते, पण करारात परत घेण्याची अट मुद्दाम घातलेली असते, कारण नाहीतर असा कुत्रा गुपचूप हायवेवर सोडला जातो. परत आणून देणाऱ्याला अपमानित करून पाठवले तर पुढचा माणूस परत आणणार नाही, सोडून देईल. परतलेला कुत्रा आधीचे शिकलेले काही दिवस विसरल्यासारखा वागतो आणि मग लवकर सावरतो.

दयामरणाचा निर्णय मात्र सावरायला सर्वांत अवघड. असाध्य आजाराने किंवा प्राणांतिक जखमेने तडफडणाऱ्या कुत्र्याला वेदनारहित मरण देण्याची तरतूद नियमांतही आहे. निर्णय पशुवैद्याचा असतो, पण डोके मांडीवर असते ते फॉस्टरच्या. अशा वेळी डॉक्टरांनी निदान आणि कारणे सविस्तर सांगितली, कागदावर दिली, तर पुढे मनातल्या ‘अजून दोन दिवस थांबायला हवे होते का’ या प्रश्नाला काही आधार राहतो.

वर्षानुवर्षे हे करणाऱ्यांना वेगळाच थकवा गाठतो. इतरांच्या वेदनेत सतत सहभागी राहिल्याने येणाऱ्या या थकव्याचा चार्ल्स फिगली यांनी 1990च्या दशकात सखोल अभ्यास केला. चिडचिड, झोप उडणे, नव्या पिल्लाचा फोटो पाहून काहीच न वाटणे, किंवा माणसांचाच तिटकारा येणे ही त्याची लक्षणे. व्हॉट्सॲपवर दिवसाला दहा आर्जवे येतात, ‘आज रात्रीपुरते तरी ठेवा’ म्हणून. नकार दिलेले पिल्लू दिलेल्या पिल्लापेक्षा जास्त आठवते. घरात एका वेळी किती कुत्रे आणि वर्षातून किती महिने हे आधी ठरवून संस्थेला सांगणे, दोन कुत्र्यांच्या मध्ये मोकळे आठवडे ठेवणे, आणि मृत्यूनंतर लगेच दुसरे पिल्लू न घेणे एवढे पथ्य पाळले तरी फरक पडतो. संस्थांनीही औषधपाण्याचा खर्च उचलावा, रात्री फोन घेणारा एक माणूस नेमावा. अर्धा ताण एकटेपणाचा असतो. ज्यांना घरी कुत्रा ठेवणे झेपेनासे होते, त्यांच्यासाठी दवाखान्याच्या फेऱ्या, दत्तक घरांची पाहणी, फोटो काढणे, नव्या फॉस्टरला शिकवणे ही कामे असतात आणि त्यांना माणसे नेहमीच कमी पडतात.